दुसरा नंबर

‘आमच्यात’ हा शब्द तळवड्यात सोजराबाईंइतका कोणी वापरत नसेल. आमच्यात गुरुवारी डोक्यावरून पाणी घेत न्हाईत. आमच्यात सून सासऱ्यापुढं खुर्चीवर बसत न्हाई. आमच्यात पावण्याला नुसत्या चहावर वाटेला लावत न्हाईत. यातलं काही त्यांच्या सासूनं सांगितलेलं, काही माहेराहून आलेलं आणि बाकीचं त्या त्या वेळी त्यांना स्वतःलाच सुचलेलं. पण बोलायच्या अशा ठसक्यात, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे सगळं पांडवांच्या काळापासून चालत आलंय.

बाई मनाच्या वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं त्यांनी जे केलं ते ऐकून कोणाला तसं वाटणार नाही. गल्लीत कोणी आजारी पडलं की पहिली पेज यांच्या घरून जायची. सून आणली तीही हौसेनं, चार स्थळं बघून, रावेतच्या चांगल्या घरातली. तेजस्विनी तिचं नाव. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, हसतमुख, कामाला चटपटीत.

लग्नाच्या बैठकीत तेजस्विनीच्या आईनं एकच गोष्ट मागितली होती. म्हणाली, पोरगी शिकलीय, तिला नोकरी करायचीय, तेवढं बघा. पुरुष मंडळी एकमेकांकडे बघायला लागली, तेव्हा सोजराबाईच म्हणाल्या, “करू दे की. पहिलं वर्ष सणावाराचं जाऊ दे, मग खुशाल कर म्हणावं. आमी काय अडवणार न्हाई.” त्या शब्दावर सुपारी फुटली. सोजराबाईंचे यजमान सोपानराव यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात ते पटाईत आहेत. दरवर्षी महिला दिनाला चौकात त्यांचा हात जोडलेला फ्लेक्स लागतो, ‘स्त्रीशक्तीला वंदन’, आणि घरातल्या स्त्रीशक्तीनं हातात आणून दिल्याशिवाय ते पाण्याचा पेलाही उचलत नाहीत.

तेजस्विनीनं शब्द पाळला. मंगळागौर, दिवाळसण, संक्रांतीचं हळदीकुंकू, सगळं हसून केलं. हलव्याचे छातीएवढे हार घालून फोटो काढून घेतले. वर्ष सरलं, वर आणखी काही महिने गेले, आणि मग एक दिवस चाकणच्या एका कंपनीत मुलाखत देऊन आली. इन्स्पेक्शनचं काम होतं. मशिनवर तयार झालेला भाग मापात बसतो की नाही ते तपासायचं आणि नसेल तर तो बाजूला काढायचा. मुलाखत चांगली झाली, आठवडाभरात फोन करतो म्हणाले. घरी आल्या आल्या ती सोजराबाईंजवळ स्वयंपाकघरात बसली.

“आत्या, त्यांनी अजून एक नंबर मागितला. माझा लागला नाही तर करायला. मी तुमचा दिला.”

“माझा कशाला? अजिंक्यचा द्यायचा की.”

“त्यांचा कधी लागतो का?” तेजस्विनी हसली. अजिंक्य म्हणजे तिचा नवरा, जमिनीच्या व्यवहारात मधला माणूस, आणि त्याचा फोन कायम कानाला. “तुम्ही फोन उचलता आणि नीट बोलताही.”

सोजराबाईंना बरं वाटलं. सुनेनं आईचा नंबर दिला नाही, नवऱ्याचा दिला नाही, आपला दिला. हे त्यांनी त्याच संध्याकाळी थोरल्या जावेला, समोरच्या घरातल्या छबूबाईंना सांगितलं. सांगायला गेल्या कौतुकानं आणि घेऊन आल्या भलतंच.

छबूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि वाती वळता वळता म्हणाल्या, “आपुन भाड्यानं दिलेल्या शेडात लोकांच्या सुना येत्यात कामाला. आता आपली सून लोकांच्या शेडात जाणार व्हय? बरं दिसंल का गं ते?”

एवढंच. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. काढायची गरजही नव्हती.

गौरी चार दिवसांवर आल्या तसं सोजराबाईंचं घर गजबजलं. आदल्या वर्षी तेजस्विनीच्या हातानं गौरी आत आल्या होत्या आणि सगळ्या भावकीनं तोंडात बोट घातलं होतं. काय ती सजावट, काय त्या करंज्या, सोजराबाई, नशीब काढलंत. ते कौतुक बाई वर्षभर पुरवून पुरवून खात होत्या. यंदा त्याहून जास्त करायचं ठरलं होतं. शिवाय त्यांचे गुडघे आता बोलायला लागले होते. पुरणाचा घाट एकटीनं घालणं त्यांना झेपणारं नव्हतं.

त्या सकाळी तेजस्विनी स्कूटर घेऊन फुलं आणायला चिखलीला गेली होती, आणि सोजराबाईंचा फोन वाजला.

“तेजस्विनीताईंच्या घरून बोलताय का? मी स्वरूपा, कंपनीतून. त्या फोन उचलत नाहीयेत. त्यांचं सिलेक्शन झालंय. सोमवारी सकाळी जॉइन व्हायचंय.”

“सोमवारी?” सोजराबाईंच्या हातात मुखवट्यांची पेटी होती. ती त्यांनी खाली ठेवली. “सोमवारी आमच्याकडं गौरीजेवण हाय. त्या दिवशी आमच्यात सून घराबाहेर पाऊल टाकत न्हाई.”

“अहो, पण बॅच सोमवारची आहे. नंतर नाही घेता येणार.” पलीकडच्या पोरीनं सरळ विचारलं, “मग त्यांना नोकरी नको आहे, असं धरू का?”

इथं सोजराबाईंना खूप काही म्हणता आलं असतं. थांबा, तिलाच विचारते. अर्ध्या तासानं करा. ती आली की लावून देते. यातलं काहीही. पण डोळ्यांपुढं छबूबाई वाती वळत बसल्या होत्या, गुडघा ठणकत होता आणि सोमवारी दारात बायका येऊन विचारणार होत्या, सून कुठाय?

“धरा,” सोजराबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली की आपण फक्त सोमवारचं बोललो. माणूस स्वतःशी किती सराईतपणे खोटं बोलतो, ते त्यांना त्या दिवशी नव्यानं कळलं असावं, कारण पुढच्याच क्षणी त्यांनी अजिंक्यकडून शिकलेल्या युक्तीनं तो नंबर फोनमधून पुसून टाकला. फक्त सोमवारचं बोलणाऱ्या बाईला नंबर पुसायचं काय कारण?

तेजस्विनी फुलं घेऊन आली. तिच्याही फोनवर त्या नंबरचा मिस्ड कॉल होता. तिनं परत लावून पाहिला तर नुसता कंपनीचा टेप वाजत राहिला.

“आत्या, तुम्हाला कोणाचा फोन आला होता का?”

“न्हाई गं,” सोजराबाई म्हणाल्या आणि झेंडूच्या पिशवीत हात घातला.

रविवारी गौरी आल्या. सोजराबाईंच्या घरात गौरी आणायची एक पद्धत आहे. तुळशीपासून सून मुखवटा हातात घेऊन निघते, मागून कोणी ताट वाजवतं आणि घरातली प्रत्येक भरलेली जागा गौराईला दाखवायची. पूर्वी आधी गोठा दाखवायचे, मग खळं, मग कणगी. जमिनी गेल्या तशी दाखवायला ती जागाच राहिली नाही. पण गौराईला रिकामं कसं न्यायचं? म्हणून आता तिला घरामागच्या फाटकापर्यंत नेतात आणि भाड्यानं दिलेल्या शेड दाखवतात. कोणाला यात काही वावगं वाटत नाही, आणि खरं तर नाहीच. पोट ज्यावर भरतं ते देवीला दाखवायचं.

तेजस्विनी भरजरी साडीत, डोक्यावर पदर, हातात थोरल्या गौरीचा मुखवटा घेऊन फाटकापाशी उभी राहिली. सोजराबाईंनी विचारलं, “गौराई, हितं काय बघितलं?” आणि सुनेनं म्हणायचं, उदंड बघितलं. शेडचं शटर वर होतं. आत पत्रा दाबायच्या प्रेसवर बायका काम करत होत्या. गौराई बघून त्या दारात आल्या, कोणी हात पुसले, कोणी तेलकट हात तसेच जोडले.

तेजस्विनीचं लक्ष मात्र त्यांच्या मागं, टेबलावर ठेवलेल्या मापाच्या पट्टीवर गेलं होतं. एक बाई नुकतीच त्या पट्टीनं काहीतरी मोजून उठली असावी. जत्रेत हरवलेलं पोर ओळखीच्या माणसाकडं बघतं, तशी तेजस्विनी तिकडं बघत राहिली.

“गौराई, हितं काय बघितलं?” सोजराबाईंना पुन्हा विचारावं लागलं.

“उदंड बघितलं,” तेजस्विनी दचकून म्हणाली.

लाज वाटायला सुरुवात झाली ती तिथं. सोजराबाईंना एकाएकी आठवलं की हे फाटक आहे तिथं त्यांचा मेथीचा वाफा होता. त्या पहाटे कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या, पाटी डोक्यावर घ्यायच्या आणि चिंचवडच्या बाजारात जाऊन बसायच्या. गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायच्या, शेजारणींशी थट्टा करायच्या, परत येताना गुळाची भेळ खायच्या. गौरीच्या दिवशीसुद्धा जायच्या, कारण त्या दिवशी भाजी जास्त खपायची. नैवेद्य उरकून जायच्या. तेव्हा ‘आमच्यात बायका बाहेर जात न्हाईत’ असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. सासूसुद्धा नाही. ती तर मागनं ओरडायची, उशीर झाला, नीघ.

ते ‘आमच्यात’ शेडबरोबर आलं होतं. पत्रे चढले आणि सोपानराव म्हणाले, आता पाटी घेऊन बसणं आपल्याला शोभत नाही. सोजराबाईंना तेव्हा सुख वाटलं होतं. मग काही महिन्यांनी दुपार जाता जाईना, तेव्हा त्यांनी पाटीची आठवण काढली नाही, नवे नियम काढले. म्हणजे ज्या रिवाजासाठी सुनेच्या तोंडचा घास काढला तो त्यांच्या सासूचा नव्हताच. शेडच्या पत्र्यांएवढंच त्याचं वय होतं.

हे सगळं त्यांना फाटकात उभं असताना कळलं, आणि तरी त्या काही बोलल्या नाहीत. सोमवारी गौरी जेवल्या. बायका आल्या, पुन्हा तोंडात बोटं घातली. छबूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “सून असावी तर अशी. शिकलेली, पण घर धरून हाय.” सोजराबाईंना ते शब्द अंगाला चिकटलेल्या पाकासारखे वाटले. तेजस्विनी पुरणपोळ्या वाढत होती. मध्येच कमरेला खोचलेला फोन काढून बघायची आणि परत खोचायची.

गौरी गेल्या, गणपती गेले, फोन आला नाही. येणार कुठून? तेजस्विनीनं वाट बघणं हळूहळू सोडलं. एका दुपारी ती कॉलेजची पेटी माळ्यावर ठेवताना दिसली. त्या पेटीत तिची मापाची पट्टी, ड्रॉइंगचं सामान, असलं सगळं होतं.

“ऱ्हाऊ दे की खाली,” सोजराबाई म्हणाल्या.

“कशाला, आत्या? नाही घेतलं त्यांनी. मधे एवढा खंड पडला ना, विसरले असणार मी. मुलाखतीत एका ठिकाणी अडखळले होते. माझ्यातच कमी होतं काहीतरी.” मग ती शिडीवरून खाली बघून म्हणाली, “तुम्ही कधी अडवलं नाही, एवढं मात्र खरं. माझ्या मैत्रिणींच्या सासवांचं ऐकलं की वाटतं, मी नशिबाची.”

सोजराबाईंनी शिडी धरली होती. त्यांना वाटलं, सोडून पळावं. आयुष्यात त्यांना लाज वाटलेले प्रसंग थोडेच होते आणि ते सगळे लोकांपुढचे होते. कोणी बघत नसताना वाटणारी ही लाज नवीच होती. ती भाजीत मीठ घालताना यायची, आरतीत यायची. त्या सुनेला न मागता शिरा करून द्यायला लागल्या, डोक्याला तेल लावून द्यायला लागल्या. तेजस्विनी बिचारी आणखीच उपकार मानायची, आणि त्यांना आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी एक दिवस त्याच म्हणाल्या, “चल, आपुन जाऊन इचारून येऊ. तोंडावर काय ते सांगत्याल.” मनात बेत असा होता की त्या फोनवाल्या पोरीला एका बाजूला घ्यायचं, चूक झाली म्हणून सांगायचं, हवं तर पाया पडायचं. सुनेला कळायला नको आणि तिचं कामही व्हावं. चूक कबूल करतानाही बाईंना झाकपाक हवी होती.

स्कूटरवर मागं बसून, सुनेचा खांदा धरून त्या निघाल्या. इंद्रायणीचा पूल ओलांडला, निघोजे गेलं, पुढं कंटेनरची रांग लागली. त्या रांगेच्या कडेकडेनं जाताना सोजराबाईंना वाटलं, इथंच सांगून टाकावं. तोंड दिसत नाही तोवरच.

“तेजू, मी म्हणत व्हते...”

“काय, आत्या? ऐकू येत नाही.”

“काय न्हाई. सावकाश चालव.”

कंपनीच्या फाटकावरच्या रखवालदारानं आत फोन लावला. थोड्या वेळानं स्वरूपा बाहेर आली. सोजराबाईंना वाटलं होतं कोणी मोठी साहेबीण असेल. निघाली तेजस्विनीच्याच वयाची, गळ्यात ओळखपत्र आणि गळ्याशी मंगळसूत्र. तिला बाजूला घ्यायला सोजराबाई पुढं झाल्या, पण तेवढ्यात तेजस्विनीनं विचारून टाकलं होतं.

“मॅडम, माझं काय चुकलं, तेवढं सांगाल का? म्हणजे पुढच्या वेळी...”

स्वरूपा गोंधळली. “चुकलं? अहो, तुमचं सिलेक्शन झालं होतं. तुमच्या घरूनच सांगितलं ना, नोकरी नको म्हणून.”

“घरून कोणी?”

“तुम्ही दिलेल्या दुसऱ्या नंबरवर. एक बाई होत्या, गौरीजेवण आहे म्हणाल्या.” एवढं बोलून स्वरूपानं सोजराबाईंकडं पाहिलं.

तेजस्विनीनं मान वळवली. तिनं रागानं बघितलं असतं तर सोसलं असतं. तिच्या चेहऱ्यावर आधी नुसती सुटका होती, आपल्यात कमी नव्हतं याची. मग हळूहळू ती सुटका मावळली आणि ती सासूकडं बघत राहिली.

“मीच व्हते,” सोजराबाई म्हणाल्या. पदर त्यांनी तोंडापर्यंत ओढला होता. “पोरीला ठाव बी न्हाई. चूक माझी हाय, बाई. तिला घ्या. म्या हात जोडते.”

“तसं नका करू, मावशी.” स्वरूपाला अवघडल्यासारखं झालं. “ती जागा त्याच सोमवारी भरली. यादीतली पुढची मुलगी आली.” मग बोलू की नको असं करत ती म्हणाली, “तिच्याकडेही गौरी होत्या. पहाटे नैवेद्य दाखवून आले म्हणाली. डब्यात पुरणपोळ्या आणल्या होत्या तिनं आम्हाला सगळ्यांना.”

सोजराबाईंनी जोडलेले हात खाली घेतले.

“दिवाळीनंतर अजून घेणार आहोत,” स्वरूपा तेजस्विनीला म्हणाली. “तुमचं नाव मी ठेवते. नंबर तोच ना? आणि दुसरा नंबर तोच राहू दे?”

तेजस्विनीनं विचार करायलाही वेळ घेतला नाही. “नको. दुसरा नंबर नको. एकच राहू द्या.”

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. दुकानात पिशवी नको म्हणतात तसं ती म्हणाली. परत जाताना तिनं रोजच्यासारखी मागची सीट फडक्यानं पुसली आणि म्हणाली, “बसा.” सोजराबाईंचा हात सवयीनं तिच्या खांद्याकडं गेला, तो त्यांनी मागं घेतला आणि सीटमागच्या दांडीला धरलं.

घरात तेजस्विनीनं कोणाला काही सांगितलं नाही. भांडण नाही, अबोला नाही. चहा वेळेवर मिळायचा, औषधाची आठवण व्हायची. फक्त ‘आत्या’ म्हणून स्वयंपाकघरात शेजारी येऊन बसणं बंद झालं. सोजराबाईंनी एकदा रडून माफी मागितली, तेव्हा ती म्हणाली, “जाऊ द्या, झालं ते झालं,” आणि कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. पेटी मात्र माळ्यावरून खाली आली होती.

दिवाळी झाली. तुळशीचं लग्न झालं. एका सकाळी छबूबाई दळणाला जाता जाता दारात थांबल्या.

“काय गं, तुझी सून लागली म्हणं कंपनीत? आमच्या पोराला अजिंक्य सांगत व्हता. उद्यापास्नं जाणार म्हणं. बोलली न्हाईस ती?”

सोजराबाई दारातल्या दारात खिळून राहिल्या. पोटच्या मुलाला ठाऊक होतं, समोरच्या घराला ठाऊक होतं. फोन आला होता आणि तो बरोबर माणसानं उचलला होता.

“व्हय,” त्या म्हणाल्या, “मला ठाव हाय की.” सुनेला अडवलं होतं छबूबाईंपुढं मान खाली जाऊ नये म्हणून, आणि आता त्यांच्याच पुढं हे खोटं बोलायची वेळ आली होती. छबूबाईंनी मान हलवली. त्यांना खरं काय ते समजलं असावं.

दुसऱ्या दिवशी सोजराबाई सगळ्यांच्या आधी उठल्या. मेथीची भाजी केली, लसूण ठेचून घातला, घडीच्या पोळ्या केल्या, लोणचं वेगळ्या झाकणात भरलं. डबा कापडात बांधून ओट्यावर ठेवला आणि त्याच्याजवळ उभ्या राहिल्या. तेजस्विनी कंपनीचे जाड बूट हातात घेऊन बाहेर आली. देवाला हात जोडले, सासऱ्यांना वाकून नमस्कार केला, मग त्यांच्याही पाया पडली. रिवाजात ती कुठंच कमी पडली नाही.

“डबा,” सोजराबाई म्हणाल्या.

तेजस्विनीनं डब्याकडं बघितलं. “कँटीन आहे तिथं, आत्या,” ती म्हणाली. सौम्यपणे म्हणाली. दारात बसून तिनं बुटाच्या नाड्या बांधल्या आणि गेली.

कंपनीची बस वळेपर्यंत सोजराबाई फाटकात उभ्या होत्या. मागं शेडचं शटर वर गेलं, बायका एकेक करून आत गेल्या. दुपारी सोपानरावांना वाढून झाल्यावर त्यांनी तो डबा उघडला आणि एकटीनं बसून खाल्ला.